‘आणि पार्टी’ म्हणजे कोण? जुन्या रेकॉर्डचा माग कसा काढायचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा वडिलांच्या तीन पत्र्याच्या ट्रंका खाटेखाली होत्या. वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, जत्रा, गणपती, निवडणूक, काहीही असो. दोन कर्णे, ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डची ट्रंक हातगाड्यावर घालून ते निघायचे. ते गेल्यावर बाकीचं सामान विकलं, ट्रंका मात्र मी ठेवून घेतल्या. पाणी ओसरल्यावर झाकण उघडलं तर कागदी पाकिटांचा लगदा झालेला आणि लेबलं सुटून एकमेकांना चिकटलेली. मोजल्या तेव्हा ज्यांच्यावर कुणाचंच नाव उरलेलं नाही अशा ३१ तबकड्या निघाल्या.

त्या ३१ तबकड्यांनी मला हे काम शिकवलं. आजवर २२ तबकड्यांना त्यांचं नाव परत मिळालंय. कसं मिळालं ते सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडं कितीतरी घरांच्या माळ्यावर अशा ट्रंका पडून आहेत आणि त्या उघडणाऱ्या माणसाला सुरुवात कुठून करायची हे कुणी सांगत नाही.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. केसरबाई कुणाकडं शिकल्या, कुठं गायल्या, सगळं छापून आलेलं आहे. मी बोलतेय ते दुसऱ्या लोकांबद्दल. पोवाडे, लावण्या, गण-गौळणी, मेळ्यांची पदं, भजनं म्हणणारे. मुंबईला जाऊन एक-दोन रेकॉर्ड करून आले आणि पुन्हा गावच्या कामाला लागले. त्यांच्या रेकॉर्डच्या लेबलवर मुख्य गाणाऱ्याचं नाव असतं आणि पुढं दोन शब्द: ‘आणि पार्टी’. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, मागून सूर धरणारे झीलकरी, सुरत्ये, अशा पाच-सहा माणसांना त्या दोन शब्दांत बसवलेलं असतं. माझ्या मते त्यांच्यापर्यंत पोचल्याशिवाय रेकॉर्डचा माग पुरा झाला असं म्हणता येत नाही.

लगेच वाजवू नका

हातात आलेली तबकडी लगेच वाजवायचा मोह होतो. तो आवरा. खाचांत माती असेल तर सुई तीच माती घासत जाते आणि एकदा गेलेला आवाज परत येत नाही.

तबकडी कशाची आहे हे आधी ओळखा. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जुनी रेकॉर्ड लाखेची असते, जड आणि ठिसूळ. हातातून पडली की तुकडे. नंतरची ४५ किंवा ३३ ची प्लॅस्टिकसारखी, जरा लवते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पुरानंतर शेजारच्या एकानं मदत म्हणून दोन तबकड्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या, त्या कायमच्या खरखरीत झाल्या. साधं गार पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, तोही खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा. लेबल असेल तर त्याला पाणी लागू द्यायचं नाही. वाळवताना उन्हात ठेवलीत तर वाकडी होते. मी स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात ताटांसारख्या उभ्या लावून पंख्याखाली वाळवल्या.

मग वही काढा. लेबलवरचं अक्षर न् अक्षर, चुकीचं स्पेलिंग असेल तर चुकीचंच, उतरवा. दुरुस्त करू नका. ती चूकच पुढं कधीतरी उपयोगी पडते. पाकिटावर दुकानदाराचा शिक्का असेल, कुणी पेनानं नाव लिहिलं असेल, तेही. आमच्या वडिलांनी काही पाकिटांवर गावांची नावं लिहिली होती. मला वाटलं गाणाऱ्यांची गावं असतील. ती निघाली जिथं रेकॉर्ड वाजवली त्या जत्रांची! तरीही ती नोंद वाया गेली नाही, कारण त्यावरून ती रेकॉर्ड अमुक वर्षी बाजारात होती एवढं तरी ठरलं.

तबकडीच्या अंगावरचे आकडे

रेकॉर्डवर दोन प्रकारचे आकडे असतात आणि नवीन माणसाची पहिली गल्लत तिथंच होते. एक सूचीपत्राचा क्रमांक. तो दुकानदारासाठी असतो, लेबलवर ठळक छापलेला, ७८ च्या रेकॉर्डला बहुधा दोन्ही बाजूंना एकच. दुसरा मॅट्रिक्स नंबर. तो ध्वनिमुद्रणाचा, प्रत्येक बाजूला वेगळा. शेवटच्या खाचेनंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो, तिथं तो उठवलेला किंवा कोरलेला असतो. काही तबकड्यांवर लेबलच्या कागदाखालीही आकडे दाबलेले असतात. म्हणजे लेबल वाहून गेलं तरी रेकॉर्डची खूण तबकडीच्या अंगावर राहते.

तो वाचायला खोलीत अंधार करा आणि बॅटरीचा झोत जवळजवळ आडवा धरा. तरी नाही दिसला तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकी घासा, लहानपणी कागदाखाली नाणं ठेवून घासायचो तशी. माझ्या ३१ पैकी २६ तबकड्यांचे नंबर असे निघाले.

आता त्या नंबरांचं करायचं काय, तर शेजारी शोधायचे. एका बैठकीत चार गाणी मुद्रित झाली तर त्यांचे मॅट्रिक्स नंबर बहुधा लागोपाठ पडतात. माझ्याकडच्या एका बिननावाच्या तबकडीवर पन्हाळ्याच्या वेढ्याचा पोवाडा होता, दोन भागांत. शेवटचे आकडे ४७ आणि ४८. त्याच ट्रंकेत वरच्या थरातली, पाण्यापासून वाचलेली एक तबकडी होती, तिचे ४५ आणि ४६. पुढची अक्षरंही तीच. तिचं लेबल शाबूत: एका शाहिराचं नाव, ‘आणि पार्टी’. दोन्ही पाठोपाठ वाजवल्या तर ढोलकी तीच, मागची ‘जी जी जी’ची झील तीच. चार महिने ज्या तबकडीचं काही सुधरत नव्हतं, तिची ओळख तिच्या शेजारणीनं पटवली. म्हणून सांगते, जुन्या बाजारात एका घरातल्या रेकॉर्ड एकगठ्ठा आल्या असतील तर चांगल्या-चांगल्या निवडून बाकीच्या सोडू नका. लक्ष्मीपुरीत रविवारी मी हे कितीदा पाहिलंय: लोक सिनेमाच्या घेऊन जातात आणि गठ्ठा फुटतो.

माझी भाची मँचेस्टरला असते. तिथं तिला अमेरिकन सोल संगीताचा नाद लागला आणि तिच्यामुळं मला कळलं, की ही विद्या तिकडं किती पुढं गेलीय. साठच्या दशकात डेट्रॉईट, शिकागोकडच्या पोरांनी एखादी ४५ ची रेकॉर्ड केली, ती खपली नाही, पोरं कारखान्यात कामाला लागली. आणि आज तिकडचे लोक त्या पोरांचा पत्ता शोधतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात छापलेल्या तबकडीवर छोटा त्रिकोण आणि आकडा असतो. तो आकडा चढत जातो, त्यावरून छापल्याचा सुमार काढतात. विलायतेत छापलेल्या ईएमआय कंपनीच्या तबकड्यांवर ‘GRAMOPH LTD’ ही इंग्रजी दहा अक्षरं १ ते ९ आणि ० या आकड्यांच्या जागी वापरलेली असतात, त्यावरून ती छापणाऱ्या साच्याचा क्रमांक कळतो. इंग्लंडातल्या विगनच्या कसिनो क्लबात, १९७३ ते १९८१ च्या काळात, रेकॉर्ड वाजवणारे लेबलवर दुसरा कागद चिकटवून खोटं नाव सांगत, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती रेकॉर्ड मिळू नये. भाचीला ते फार गमतीचं वाटतं. मला वाईट वाटतं. ज्या गाणाऱ्याचं नाव आधीच कुणाला माहीत नाही, त्याचं नाव आणखी झाकायचं?

तिनंच सांगितलं, की मोटाउन कंपनीच्या गाण्यांमागं वाजवणारे फंक ब्रदर्स, त्यांचीही नावं कव्हरवर पहिल्यांदा आली ती १९७१ साली. तोवर तेही ‘आणि पार्टी’च.

काळ कसा बांधायचा

रेकॉर्डवर साल छापलेलं नसतं असं धरून चाला. काळ दोन्ही बाजूंनी आवळत आणायचा: याच्या आधीची नाही, याच्या नंतरची नाही.

१९०८ च्या आधी आपल्याकडच्या ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. १९०८ पासून कलकत्त्यात सियालदहला छापू लागले, पुढं दमदमला. विजेवरच्या मायक्रोफोननं मुद्रण १९२५ पासूनचं, त्याआधी गाणारा भोंग्यात तोंड घालून गायचा. लेबलवर ‘इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग’ असेल तर त्यानंतरची. ओडियन या जर्मन कंपनीचा आपल्याकडचा काळ दोन टप्प्यांत, १९१२ ते १६ आणि १९३२ ते ३८. यंग इंडिया मुंबईची, १९३५ ते १९५५. आपल्यासारख्यांसाठी यंग इंडिया फार महत्त्वाची आहे. मोठे गायक दुसऱ्या कंपन्यांशी बांधलेले होते, त्यामुळं हिनं हौशी आणि नव्या लोकांना घेतलं. अनोळखी नाव दिसलं आणि लेबल यंग इंडियाचं असलं की मी खुर्ची ओढून बसते.

पण आपल्या भागात लेबलपेक्षा पाकीट जास्त बोलतं. दुकानाच्या पत्त्यात ‘कोल्हापूर संस्थान’ असेल तर ते पाकीट १ मार्च १९४९ च्या आधी छापलंय, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. किंमत आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची म्हणायला हरकत नाही. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते ६४. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. एक सावधगिरी मात्र ठेवा. पाकिटं अदलाबदल होतात. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत निम्मी पाकिटं दुसऱ्याच तबकडीची होती. म्हणून पाकिटाची नोंद वेगळी आणि तबकडीची वेगळी ठेवा.

आता ऐका

७८ च्या रेकॉर्डला एलपीची, म्हणजे ३३ च्या रेकॉर्डची, सुई चालत नाही. ७८ च्या खाचा रुंद असतात, बारीक सुई तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकवते. जाड सुई मागून घ्या. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी. एकदाच नीट वाजवून फोनवर किंवा संगणकावर मुद्रित करा आणि पुढचं सगळं ऐकणं त्या मुद्रणावर करा. आवाज चिरका किंवा ओढल्यासारखा वाटला तर वेग तपासा; फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित केलेल्या नसत.

पहिलं, शेवट ऐका: बाजू संपताना काही बोलतात का. गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या रेकॉर्डच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात. तबकडी जर्मनीत छापणाऱ्याला कुठली कुणाची हे कळावं म्हणून तशी रीत होती. आपल्या त्या काळच्या गायकांच्या तबकड्यांवरही अशी हाक सापडते.

दुसरं, शेवटचं कडवं. लावणी असो वा पोवाडा, कवी शेवटी आपलं नाव गुंफतो. होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव, सगळ्यांनी ते केलंय. लेबलवर गीतकार नसला तरी गाण्याच्या पोटात त्याची सही असते. तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूत पोवाडा मावत नाही, म्हणून सही ‘भाग २’च्या अखेरीस शोधा. कधी कवीबरोबर गुरूचं नाव येतं, कधी ढोलकीवाल्याचंही. त्या पन्हाळ्याच्या पोवाड्याच्या शेवटी शाहिरानं आपल्या नावाआधी एक नाव घेतलंय, ‘साथीला अमका’ असं. खरखरीत ते शब्द बुडाले होते. मी चाळीसेक वेळा ऐकलं, पोरांना ऐकवलं, शेवटी शेजारच्या आजींनी भाजी निवडता निवडता एका दमात सांगितलं. त्यांना त्या नावाची माणसं माहीत होती आणि ओळखीचं नाव कानाला लगेच सापडतं. म्हणून एकट्यानं ऐकू नका.

तिसरं, बोली आणि वाद्यं. ‘न्हवं’, ‘हाय की’, ‘बगा’ कानावर आलं तर माणूस आपल्याकडचा. तुणतुणं आहे की पेटी, पायपेटी आहे का, क्लॅरिनेट मागनं येतंय का? पार्टीत नसलेलं वाद्य मुंबईच्या कंपनीतला वादक वाजवत असण्याची शक्यता धरा आणि त्याला पार्टीत मोजू नका.

नावांचे सापळे

‘कर’वरून गाव ठरवू नका. ‘कोल्हापूरकर’ ही बाई कोल्हापुरात जन्मलेली असेल, कोल्हापूरच्या थिएटरात नाचलेली असेल किंवा तिच्या फडाच्या मालकिणीचं नाव तसं असेल. एकाच नावाच्या दोघीही असतात. मी एका लावणीच्या रेकॉर्डवर मोठ्या हौसेनं शाईनं एका बाईंचं नाव, गाव, साल सगळं लिहून टाकलं. तीन वर्षांनी कळलं, की त्याच नावाच्या दुसऱ्या एक बाई होत्या, वीस वर्षं आधीच्या, आणि रेकॉर्ड त्यांची. त्या दिवसापासून मी फक्त पेन्सिलनं लिहिते.

नावं बदललेलीही असतात. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके, त्यांचं घरचं नाव रामचंद्र. मोठ्यांचं बदललेलं नाव नोंदलं जातं, लहानांचं जात नाही. एका कंपनीशी करार असताना दुसरीकडं वेगळ्या नावानं गाणारेही होते. ‘मिस’, ‘बाई’, ‘मास्टर’, ‘प्रोफेसर’ हे लेबलवरचे शब्द सोडून उरलेलं नाव शोधा, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी नाव ठरवताना चार शक्यता मांडा.

कागद

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. अशा जुन्या वाचनालयांतून जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळाली तर सुटं पान उलटत बसू नका. भाद्रपदातले गणपतीचे दिवस, दसरा आणि चैत्रातली जोतिबाची यात्रा, एवढे आठवडे आधी बघा. मेळे, जलसे, तमाशे, सगळ्यांच्या जाहिराती तेव्हाच येतात, आणि ग्रामोफोनचे दुकानदारही तेव्हाच नव्या रेकॉर्डची यादी छापतात. कंपन्यांची मराठी सूचीपत्रं निघत, त्यांत लहान गायकांचेही फोटो असत. ती ग्रंथालयात क्वचित मिळतात, रद्दीत जास्त.

लग्नपत्रिका, हँडबिलं, देणगीच्या पावत्या यांवर शके असतं. गुढीपाडव्यापासून डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. ७८ च्या रेकॉर्डचा शोध घेताना हाच आकडा मिळवावा लागतो, याचा मला अजून आनंद होतो.

आणि जे दिसेल त्याचा लगेच फोटो काढा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली, १९१५ पासून उभी असलेली वास्तू एका रात्रीत काय झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ‘पुढच्या वेळी आलो की बघू’ असं मी आता कुठल्याच कागदाला म्हणत नाही.

माणसं

शेवटी माणसाकडं जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर बाकीची सगळी तयारी यासाठीच असते.

पोवाड्यातला ढोलकीवाला मला आडनावावरून सापडला नाही. सापडला तो ढोलकी दुरुस्त करणाऱ्याकडून. ज्याच्याकडं पानं बदलायला, शाई भरायला ढोलक्या येतात त्याला तीन पिढ्यांचे वादक माहीत असतात. त्यानं मुद्रण ऐकलं आणि म्हणाला, “ही धुमाची बाजू अशी दाबून वाजवणारी माणसं कागलकडची.” मग कागल तालुक्यातली दोन गावं, एक देऊळ, एक दूध डेअरी, एक निवृत्त मास्तर, असं करत मी त्या घरी पोचले. ढोलकीवाले वारले होते. पण त्यांच्या मुलानं लोखंडी पेटीतून आईबापांच्या लग्नाची पत्रिका काढून दाखवली: माघ, शके १८८१. म्हणजे १९६० सालचा जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. आणि घरात ऐकलेली गोष्ट अशी, की मुंबईची रेकॉर्ड करून आले आणि त्या पैशात लग्नाचा मांडव घातला.

त्याच घरातून झील धरणाऱ्या आजींचा पत्ता मिळाला. ‘पार्टी’त पोरी होत्या हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, झिलीत दोन बारीक आवाज आहेत ते मी लहान मुलांचे समजत होते. आजी पंच्याहत्तरीच्या. नाव इथं लिहीत नाही, तसं त्यांना वचन दिलंय.

अशा वेळी काय करायचं ते नीट ऐका. वही काढू नका. प्रश्न विचारू नका. चहा होऊ द्या, गावाची, ओळखीपाळखीची बोलणी होऊ द्या, आणि मग फोनवर नुसतं गाणं लावा. आजी पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. ‘भाग २’ सुरू झाला तसा हात मांडीवर ठेका धरू लागला. मग म्हणाल्या, “मागं जी जी म्हणतोय ते मी न्हवं का? मीच की!” आमच्याकडं बाया स्वतःबद्दल आलो-गेलोच म्हणतात, पण त्या दिवशी ते वाक्य ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साठ वर्षांत त्यांनी ती रेकॉर्ड एकदाही ऐकली नव्हती. घरी ग्रामोफोनच नव्हता.

साल विचारलंत तर माणूस घाबरतो किंवा काहीतरी सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा खुंटे द्या. महाराष्ट्र झाला तेव्हा गात होता का? पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर? कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे कुठं होता? १ मे १९६०, १२ जुलै १९६१, ११ डिसेंबर १९६७, हे खुंटे आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात पक्के असतात. आजी म्हणाल्या, “रेकॉर्ड करून आलो, आन् त्याच उन्हाळ्यात म्हाराष्ट्र झाला.” पत्रिकेतल्या माघाशी हे जुळलं. पुण्याला गाडी बदलली, बदलताना तुणतुण्याचा भोपळा दारावर आपटून चिरला आणि मुंबईत दुसरं मागून आणावं लागलं, हेही सांगितलं. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग तेव्हा मीटर गेज होता, पुण्याला उतरावंच लागायचं. अशी सहज सांगितलेली बारीक गोष्ट दुसरीकडून खरी ठरली, की त्याच माणसानं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही माझा विश्वास वाढतो.

पैसे किती मिळाले? दोघी बहिणींना मिळून दहा रुपये. शाहिरानं वर एकेक पातळ घेऊन दिलं.

मग आजींनी बोटं मोडत पार्टी मोजली. शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं, दोन बहिणी आणि झांजेला शाहिराचा भाचा. सात जण. लेबलवर एक नाव.

आजींच्या सुनेनं मला बाहेर गाठून सांगितलं, की आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं, नातवाचं लग्न जमवायचंय, तेव्हा नाव छापू नका. मला पहिल्यांदा वाईट वाटलं. पण तिचा हक्क मान्य केला आणि तुम्हीही करा. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांकडं गाव कसं बघतं हे त्या घरानं भोगलेलं असतं, आपण नाही. नोंदीची कार्डं मी दोन करते. एक पूर्ण, माझ्या कपाटात बंद. दुसरं दाखवायचं, त्यावर ‘झील: दोन बहिणी, करवीर भाग’ एवढंच. जाताना आजींना मुद्रणाची प्रत पेनड्राइव्हवर आणि नातवाच्या फोनवर देऊन आले. ज्याच्याकडून माहिती घ्याल त्याला त्याचा आवाज परत दिल्याशिवाय निघू नका.

नोंद कशी ठेवायची, कुठं विचारायचं

प्रत्येक माहितीपुढं मी तीनपैकी एक शब्द लिहिते: पाहिलं, ऐकलं, अंदाज. मॅट्रिक्स नंबर ‘पाहिलं’. दहा रुपये ‘ऐकलं’. झांजवाला भाचा तो हाच, असं मला वाटतं, ते ‘अंदाज’. अंदाज पुढं ‘पाहिलं’ झाला की जुना शब्द खोडत नाही, शेजारी तारीख टाकून नवा लिहिते.

मुंबईत १९९० साली सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था या कामातली आपली वडीलधारी. तिच्या ‘रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांच्या प्रकल्पातून यंग इंडिया आणि ओडियनच्या तबकड्यांचं डिजिटायझेशन झालंय. तुमचा नंबर घेऊन तिथल्या याद्या बघा. तुमची तबकडी नाही मिळाली तरी शेजारीण मिळेल. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या याद्यांच्या संकेतस्थळावर मराठी रेकॉर्डच्या नोंदी विरळ आहेत, म्हणून आपण भराव्यात. यूट्यूबवर कुणी टाकलेल्या गाण्याखालचं नाव मात्र पुरावा धरू नका. तिथं एकाची चूक दुसरा उचलतो आणि चार ठिकाणी दिसली की ती खरी वाटायला लागते.

स्वतः मुद्रण टाकणार असाल तर आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा आहे, रेकॉर्ड निघाली त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूपासून ६० वर्षं. पोवाड्याचे शाहीर वारले त्याला अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरच्यांना विचारलं. त्यांनी आनंदानं होकार दिला आणि एक फोटोही दिला.

त्या फोटोत सहा जण आहेत. शाहीर मध्ये डफ घेऊन, ढोलकीवाले डावीकडं, पुढं बसलेल्या दोन वेण्यांच्या मुली. आजींना फोटो दाखवला, त्यांनी एकेकावर बोट ठेवून नावं सांगितली. तुणतुणेवाला फोटोत नाही. त्यांना ‘अण्णा’ म्हणायचे एवढंच आजींना आठवतं, आणि दर चैत्रात ते जोतिबाला सासनकाठीबरोबर, म्हणजे गावाच्या उंच निशाणकाठीबरोबर, चालत यायचे. कार्डावर त्यांच्या जागी पेन्सिलनं ‘अण्णा (ऐकलं)’ आहे. येत्या यात्रेला मी जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, फोटो आणि फोनवरचं गाणं घेऊन जाणार आहे. सासनकाठ्या गावागावांच्या येतात आणि प्रत्येकीबरोबर म्हातारी माणसं असतातच.